‘रिनोव्हेटेड वन बीएचके’ बघायला जाताना खिशात दहाचं नाणं ठेवा

मी फरशी मिस्त्री. 1998 सालापासून थापी हातात आहे. सांगली, मिरज, कुपवाड मिळून किती घरांत फरशी बसवली त्याचा हिशेब कधी ठेवला नाही. ‘सोसायटीतला वन बीएचके, पूर्ण रिनोव्हेटेड, आजच राहायला या’ अशी जाहिरात दिसली की लोक आधी किंमत बघतात. माझ्या मनात येतं, काम कुणी केलं असेल आणि खाली काय झाकलं असेल? झाकायचं काम मीही केलंय, म्हणून हे सुचतं.

2019 चा पूर ओसरल्यावर एका मालकानं तळमजल्याच्या फ्लॅटचं काम दिलं. भिंती छातीएवढ्या भिजलेल्या. मी म्हटलं, प्लॅस्टर खरवडून ठेवा, खिडक्या उघड्या टाका, फाल्गुनात बघू. त्याला दिवाळीत गिऱ्हाईक दाखवायचं होतं. मग चार फुटांपर्यंत भिंतीला टाइल्स, वर पुट्टी, क्रीम कलर, पीओपीच्या कडेनं एलईडी पट्टी. हॉलमधल्या टाइल्स ‘डिझाइन’ म्हणून खपल्या. पुढच्या पावसाळ्यात टाइल्सच्या वरच्या रेघेत लोणा (ओलीनं भिंतीतून येणारं पांढरं मीठ) फुटला, रंगाचे पोपडे सोफ्यावर पडायला लागले. घर घेणारं शिक्षकाचं कुटुंब होतं. ते सर अजून कधीमधी मंडईत दिसतात. मी पलीकडच्या बाजूनं जातो.

गेल्या वर्षी माझ्या आक्कानं आणि दाजींनी तासगावकडचं घर बंद करून सांगलीत यायचं ठरवलं. आक्काचे गुडघे गेलेत, दाजींना दर महिन्याला मिरजेला दवाखान्यात यावं लागतं, आणि भाचा पुण्यात. दोघांना वन बीएचके पुरे. दाजी म्हणाले, “पाव्हणं, तुमी चला. आमाला द्राक्षातलं कळतं, फरशीतलं न्हाई.” तीन महिन्यांत आम्ही सात फ्लॅट बघितले. त्यातून जे जमलं ते सांगतो.

सांगलीत घर बघताना आधी गल्ली बघा, जिना नंतर चढा. बिल्डिंगसमोरच्या इस्त्रीवाल्याला किंवा किराणा दुकानदाराला एकच विचारायचं, “एकोणीसला पाणी कुठवर होतं?” सांगलीचा माणूस हा प्रश्न कधी टाळत नाही. तो बाहेर येऊन भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट धरतात, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 2005 ला आलेलं, 2021 लाही आलं. एजंट म्हणतो, “इथं पाणी येतच नाही.” त्याचं खरं मानू नका आणि मालकाचंही मानू नका. ज्याच्या दुकानातली साखर भिजली त्याला विचारा.

मग पार्किंगमध्ये जा. लाइटचे मीटर डोक्याच्याही वर, शिडी लावावी लागेल एवढे उंच बसवलेत का? तसं असेल तर ते हौसेनं नाही केलेलं. कंपाउंडच्या मागच्या बाजूला, जिथं रंगवायला कुणी जात नाही, तिथं पाण्याची रेघ अजून दिसते. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून सुटलो असंही समजू नका. घर कोरडं राहतं, पण मोटर बुडते, खालच्या टाकीत घाण पाणी शिरतं, लाइट जाते आणि आठ दिवस जिन्यात अडकायची वेळ येते. गुडघे गेलेल्या बाईला बोटीत कोण उतरवणार?

शामरावनगरकडची गोष्ट जरा वेगळी. तिथं नदीइतकाच पावसाच्या पाण्याचा त्रास, कारण भाग सखल आणि जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया नीट घेतला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. त्या भागातल्या एका फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीभोवती लाकडी पॅनेलिंग केलं होतं. बाकी सगळं घर साधं आणि तेवढीच खिडकी नवरीसारखी नटलेली. मी बाहेरून डक्टमध्ये डोकावलो तर चीर सज्जापासून खालपर्यंत गेलेली. दाजींना डोळ्यानं खुणावलं, पाणी प्यालो आणि निघालो.

आता घरात शिरल्यावर. मालक दार उघडून ‘बघा बघा’ म्हणतो आणि आपण छताकडं बघतो, कारण तिथं लाइट लावलेले असतात. तुम्ही खाली बघा.

उंबऱ्यापाशी उभं राहून बाहेरच्या पॅसेजची आणि आतली पातळी ताडून बघा. आत एक-दीड इंच वर असेल तर जुन्या फरशीवर नवी बसवली आहे. 1990 च्या सुमाराच्या बिल्डिंगमध्ये मोझॅक असायची. ती उखडायची मजुरी आणि राडारोडा वाचवायला वरूनच दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड चढवतात. केमिकलनं पातळ बसवली असेल तर फारसं बिघडत नाही. पण दीड इंच मसाल्यात बसवली असेल तर सव्वाचारशे फुटांच्या घरात साडेतीन-चार टन वजन स्लॅबवर वाढतं. तीस वर्षं जुन्या स्लॅबला ते सांगून चढवलेलं नसतं. दुसरी खूण दारात. आतली दारं बुडाला रंधा मारून कापलेली दिसतात, आणि कापलेल्या कडेला कुणी पॉलिश करत नाही. खाली वाकून हात फिरवला की कच्चं लाकूड लागतं.

आता नाणं काढा. दहाचं बरं, जड असतं. प्रत्येक टाइलच्या चारी कोपऱ्यांवर आणि मध्ये टकटक करा. खणखणीत आवाज आला तर खाली मसाला भरलेला आहे. ढब आवाज आला तर पोकळ. एखाद-दुसरी पोकळ असतेच, माझ्याही कामात निघते. पण एका रांगेत पाच-सहा ढब वाजल्या तर काम घाईचं आहे, आणि घाई का होती हे विचारायला हवं. मालकाला संकोच वाटेल, तुम्हालाही वाटेल. आक्का मला म्हणाली, “अरे, लोकाच्या घरात गुडघ्यावर काय रांगतोस?” पण तेवीस-चोवीस लाखाच्या वस्तूपुढं दहा मिनिटं रांगायला काही हरकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ न्हाणी-संडासात घालवा. हॉल आणि किचन मिळून जेवढं खोटं बोलत नाहीत तेवढं ही एक खोली बोलते. बादलीभर पाणी दारापाशी ओता आणि बघत राहा. पाणी जाळीकडं धावलं पाहिजे. कोपऱ्यात थबकलं किंवा पॅसेजकडं वळलं तर न्हाणीतही टाइल्सवर टाइल्स आहेत आणि उतार मेला आहे. खालची जुनी फरशी काढली नाही म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंगही जुनंच. वरचा चकचकीतपणा पाणी अडवत नाही, पाणी जोडांतून जातं. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या न्हाणीचं छत बघायची विनंती करा. लोक दाखवतात. मन मोकळं करायला त्यांना कुणीतरी हवंच असतं.

आणि वर बघा. न्हाणीत पीव्हीसीचं खोटं छत असेल तर एक पट्टी ढकलून मोबाइलची बॅटरी आत मारा. आम्ही शेवटी जो फ्लॅट घेतला त्यात हेच केलं. आत वरच्या मजल्याचा जुना बिडाचा पाइप, त्याच्या जोडाखाली प्लॅस्टिकचा डबा टांगलेला, आणि डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी. मालक म्हणाला, “अहो, ते आधीपासून आहे.” डबा आधीपासूनचा होता हे खरं, पण छत नवं होतं. त्या डब्यानं आमचे साठ हजार वाचवले. किंमत तेवढी उतरली आणि वरच्या मालकाकडून पाइप बदलून घ्यायची हमी सेक्रेटरींच्या समोर लेखी घेतली.

हॉलमधल्या पीओपीवर मी एवढा रागावत नाही, पण एक बघा. झुंबराचं किंवा पंख्याचं भोक असतं तिथून वरचा मूळ स्लॅब दिसतो. तांबूस डाग किंवा सुटलेलं प्लॅस्टर दिसलं तर आतली सळई गंजायला लागली आहे. शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जाऊन कोबा (वरचा सिमेंटचा थर) बघितल्याशिवाय बोलणंच करू नका.

भिंत पाडून ‘ओपन किचन’ केलं असेल तर दोन प्रश्न. बिल्डिंग कॉलमवर उभी आहे की भिंतींवर? सांगलीतल्या जुन्या दोन-तीन मजली बिल्डिंगांत भिंतींवर भार घेतलेल्या अजून आहेत, आणि तिथं नऊ इंची भिंत पाडणं म्हणजे वरच्या मजल्याचा पाय ओढणं. कॉलमवाली असली तरी मंजूर नकाशा मागा आणि घराशी ताडून बघा. बाल्कनी आत घेऊन बेडरूम वाढवलेली असते. ती नकाशात बाल्कनीच राहते, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

लाइटचं काम माझं नाही, मी वायरमन नेला होता. त्यानं एक स्विचबोर्ड खोलला. पूर आलेल्या गल्लीतल्या एका फ्लॅटमध्ये तो खोलल्यावर आतून पिठासारखा गाळ सांडला. बाहेर मॉड्युलर स्विच, आत 2019 ची कृष्णामाई. तेव्हा बोर्ड खोलायला लावाच, जमिनीलगतचा. गीझरला 4 एमएमची वायर आहे की अडीचची, अर्थिंग आहे का, डीबीत (घरातल्या मुख्य बोर्डात) आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आहे का आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, एवढं वायरमन पाच मिनिटांत सांगतो.

एकदा बघून ठरवू नका. आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा दुपारी. दुसऱ्यांदा सकाळी पाण्याच्या वेळेला, सगळ्यांचे नळ चालू असताना आपल्या नळाला धार किती ते बघायला. तिसऱ्यांदा धो धो पावसात, दाजी छत्री विसरले म्हणून कुरकुरत होते तरी. खिडकीच्या चौकटीखाली हात फिरवला, कोरडी होती.

आता पैशाचं. मालक 26 लाख सांगत होता, त्यातले ‘सहा लाख रिनोव्हेशनला घातलेत’. मी कागद मागवून घेतला आणि त्याच्यासमोरच लिहिलं. फरशी माल, मसाला, मजुरी धरून 45 हजार. न्हाणी-संडास 70 हजार. किचनचा ग्रॅनाइट ओटा आणि ट्रॉल्या 90 हजार. लाइट 40, रंग 30, पीओपी 20. बेरीज दोन लाख पंचाण्णव हजार. तो म्हणाला, “तुम्ही मिस्त्री आहात म्हणून तुम्हाला स्वस्तात पडतं.” मी म्हटलं, मजुरी धरलीय मी, आपली स्वतःची. तिथून बोलणं खरं सुरू झालं. तुम्ही मिस्त्री नसाल तर ओळखीच्या एखाद्याला हजार रुपये देऊन न्या आणि असा कागद करून घ्या. कर्ज काढणार असाल तर बँकेचा व्हॅल्युएटर पीओपी आणि एलईडीला फारशी किंमत देत नाही, तो बिल्डिंगचं वय बघतो.

टेपही न्या. जाहिरातीत 610 फूट होतं, मी आतून मोजलं तर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) 412 भरलं. मधलं जिना, पॅसेज आणि भिंतींत जातं. दोन फ्लॅटचे भाव ताडायचे तर कार्पेटवरच ताडा.

कागदपत्रांत मी कच्चा आहे, ते दाजींनी आणि वकिलांनी बघितलं. पण एक गोष्ट आमच्या सांगलीत फार गोंधळाची आहे, म्हणून सांगतो. सगळे सरसकट ‘सोसायटी’ म्हणतात, पण पुष्कळ बिल्डिंगा 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथं घोषणापत्र असतं, जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो आणि शेअर सर्टिफिकेट नसतं. खरी सहकारी गृहनिर्माण संस्था 1960 च्या कायद्यानं नोंदलेली असते. तिथं मालकाच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट बघा, मागच्या बाजूला आधीच्या सगळ्या मालकांची नावं ओळीनं चढलीत का ते बघा. मधलं एक नाव गाळलेलं असेल तर वारसाचं भांडण निघू शकतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही वकिलांनीच सांगितलं. नॉमिनीनं विकायला काढलं असेल तर बाकीच्या वारसांच्या सह्या लागतात.

जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हे प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर कळतं. अजून मूळ मालकाचं नाव असेल तर कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नाही. म्हणून व्यवहार अडतोच असं नाही, पण पुढं बिल्डिंग पाडून बांधायची वेळ आली की अडतो. डीम्ड कन्व्हेयन्सला (मालक करून देत नसेल तर सरकारकडून करून घ्यायचं) अर्ज केलाय का, विचारा.

सेक्रेटरींच्या घरी चहाला जा. हा चहा महत्त्वाचा. मालकाची थकबाकी (आमच्याची अठरा हजार चारशे निघाली, रिनोव्हेशनला पैसे होते, मेंटेनन्सला नव्हते), सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशात) किती शिल्लक, मागच्या वार्षिक सभेत कशावरून भांडण झालं, स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगला ते पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या पुढं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. आमच्या सेक्रेटरींनी कपाट उघडून रिपोर्ट काढून दिला, तिथंच आक्काचं मन बसलं.

त्याच चहात त्यांनी ‘बिल्डिंग फंडाला पन्नास हजार द्यावे लागतात’ असंही सांगितलं. महापालिका हद्दीत ट्रान्सफरचा प्रीमियम 25 हजारांच्या वर घेता येत नाही, त्याशिवाय ट्रान्सफर फी 500 आणि प्रवेश फी 100. देणगी म्हणून वर मागायची मुभा नाही. दाजींनी हे हात जोडूनच सांगितलं, कारण उद्या त्याच जिन्यात राहायचंय. 25 हजारांचा चेक दिला, पावती घेतली. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं काही कळवलं नाही तर कायद्यानं सभासद झालात असं धरतात. ते आमच्यावर आलं नाही.

संचकार (बयाणा) देताना रोख देऊ नका आणि साध्या कागदावर देऊ नका. थकबाकी कुणी भरायची, घरात काय काय ठेवून जाणार (गीझर, पंखे, ट्रॉल्या, हो, ट्रॉल्यासुद्धा काढून नेतात), ताबा कुठल्या तारखेला, हे त्यात लिहा. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घ्या. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर (सरकारनं धरलेली किंमत) आणि व्यवहाराची रक्कम यांतलं जे जास्त त्यावर बसतं. नोंदणी फी एक टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. साडेतेवीस लाखाला व्यवहार ठरला होता, म्हणजे साडेतेवीस हजार वाचतात. दाजी क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, “मग तिच्याच नावावर करू की.” चाळीस वर्षांच्या संसारात आक्काच्या नावावर पहिल्यांदा काही झालं, ते सरकारी सवलतीमुळं.

एवढं सगळं बघून आमचंही एक राहिलंच. पार्किंग. मालकानं ‘ही आपली जागा’ म्हणून खांबाजवळची जागा दाखवली, आम्ही मान डोलावली. राहायला गेल्यावर कळलं की जागा सोसायटी ठरवून देते, आणि ती जागा खालच्या डॉक्टरांच्या नावावर आहे. दाजींची स्प्लेंडर सध्या गेटजवळ पत्र्याखाली उभी असते. वाटप रजिस्टरमध्ये बघायला हवं होतं, तुम्ही बघा.

खरेदीखत झाल्यावर घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल आक्काच्या नावावर करायला एक महिना गेला. कुलूप मात्र पहिल्याच दिवशी बदललं.

आणि न्हाणी. तिथं आधीच्या मिस्त्रीनं दाराशी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसवली होती, अडीच इंच उंच, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. उतार चुकला की आम्ही असंच करतो. आक्काला रात्री ती दिसायची नाही. राहायला गेल्यावर दुसऱ्याच रविवारी मी हत्यारं घेऊन गेलो, न्हाणीची दोन्ही थरांची फरशी मूळ कोब्यापर्यंत उखडली, वॉटरप्रूफिंग केलं, उतार जाळीकडं काढला आणि पट्टी काढून टाकली. चार दिवस ते दोघं शेजारच्या काकूंकडं अंघोळीला गेले. पाचव्या दिवशी आक्कानं बादली दारापाशी उपडी केली आणि पदर खोचून बघत उभी राहिली, पाणी कुठं जातं ते.